केळीच्या पिकवणगृहातील तापमानाचे स्वयंचलित नियंत्रण : खानदेशातील हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

तापी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांचे अर्थकारण पुष्कळ अंशी केळीवर उभे आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे रावेर व सावदा या स्थानकांवरून केळी उत्तर भारताकडे जातच होती. बागेत लावलेले रोप घड देऊन कापणीस येईपर्यंत सामान्यतः अकरा-बारा महिने लागतात. एवढ्या काळाच्या श्रमाचे मोल मात्र शेवटच्या चार-पाच दिवसांत, एका बंद खोलीत ठरते. कच्चा, हिरवा घड सारख्या पिवळ्या रंगाचा, घट्ट गराचा व टिकाऊ झाला तर त्यास भाव मिळतो. तो काळवंडला किंवा आतून नरमला तर तोच माल मातीमोल होतो. या खोलीस पूर्वी वखार म्हणत. आज तिचे शास्त्रीय रूप पिकवणगृह म्हणून ओळखले जाते. तेथील उष्णता, ओल व हवा यांचे नियमन यंत्राकडून कसे घडते, ते कोठे चुकते आणि खानदेशाच्या हवामानात त्यास कोणत्या विशेष अडचणी येतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रदेशाचे हवामान

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, प्रसंगी त्याहूनही वर चढतो. दुपारची सापेक्ष आर्द्रता त्या वेळी अनेकदा २० टक्क्यांच्या खाली असते. उलट डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः धुळ्याकडे, रात्रीचे तापमान १० अंशांच्या पुष्कळ खाली उतरते. पावसाळ्यात उष्णता मध्यम, पण हवा ओलीचिंब. एकाच इमारतीने एका वर्षात वाळवंट, शीतप्रदेश व दमट किनारा या तिन्हींना तोंड द्यावे, असा हा प्रकार आहे.

या विषमतेमुळे शीतकरणाची एकच रीत बाराही महिने चालत नाही, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. ओल्या कापडाने वेढलेला तापमापक वाऱ्यात धरला असता जे तापमान दाखवितो, त्यास आर्द्र तापमान म्हणतात. वाळ्याचे ताटे अथवा कूलर यांच्या साहाय्याने, म्हणजे केवळ पाण्याच्या बाष्पीभवनाने, हवा फार तर या तापमानापर्यंत थंड होऊ शकते. मे महिन्यातील ४३ अंश उष्णता व १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचे आर्द्र तापमान सुमारे २२ अंश येते; चांगला कूलर अशी हवा २५ अंशांच्या आसपास आणून सोडतो. ऑगस्टमधील ३२ अंश व ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेचे आर्द्र तापमान मात्र सुमारे २८ अंश असते. तेव्हा तोच कूलर निरुपयोगी ठरून ओलसर उकाडा तेवढा वाढवितो. म्हणून कार्यालय, पेढी किंवा दुकान यांसाठी कूलर व वातानुकूलन यंत्र अशी दोन्ही साधने असतील, तर त्यांपैकी केव्हा कोणते चालावे हे केवळ साध्या तापमापकावर सोपवून भागत नाही. नियंत्रकाला ओलीचेही ज्ञान असावे लागते. केळीच्या पिकवणगृहाची गरज तर १४ ते १८ अंशांची आहे. ती बाष्पीभवनाने कधीच भागत नाही. तेथे प्रशीतन यंत्र अपरिहार्य ठरते.

२. स्वयंनियंत्रणाचा पूर्वेतिहास

उष्णता आपोआप राखण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या पेटीसाठी असे साधन तयार केले होते. पेटीतील द्रव तापून प्रसरण पावला की तो भट्टीची झडप लोटून विस्तव मंद करी. यंत्रांच्या वेगनियामकांची गणिती मीमांसा जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये केली. इमारतींच्या बाबतीत विस्कॉन्सिनमधील एक अध्यापक वॉरेन जॉन्सन याने १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या तापनियंत्रकाचे एकस्व मिळविले. वर्ग चालू असताना रखवालदाराने आत येऊन खोलीतील उष्णता पाहावी व मग तळघरात जाऊन झडपा फिरवाव्यात, हा व्यत्यय टाळणे एवढाच त्याचा मूळ हेतू होता.

ओलीच्या नियमनाची गरज प्रथम कारखान्यांना भासली. विलिस कॅरिअर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी आर्द्रता राखणारी योजना आखली. आणि वातानुकूलन या अर्थाचा इंग्रजी शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या अभियंत्याने रूढ केला. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होऊन तुटतो, हे त्यामागील कारण. खानदेशाला हे कारण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जळगाव, अमळनेर व धुळे येथे एकेकाळी कापडगिरण्या नांदत होत्या, आणि अशा कोरड्या मुलखात कापसाचे सूत कातावयाचे तर हवेत पाणी फवारल्यावाचून गत्यंतर नसते. तात्पर्य, बंद इमारतीतील हवा एखाद्या वस्तूच्या गरजेप्रमाणे घडविणे ही कल्पना या प्रदेशाला नवी नाही. पूर्वी ती वस्तू सूत होती, आज ती केळी आहे. भेद एवढाच की सूत निर्जीव असते, फळ सजीव असते.

३. पिकणाऱ्या फळाची उष्णता

कापणीनंतरही केळीचे श्वसन चालू राहते. ती प्राणवायू घेते. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकते. पक्वतेच्या एका टप्प्यावर हे श्वसन एकाएकी अनेक पटींनी वाढते. किड व वेस्ट या केंब्रिजच्या संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात फळांतील या उसळीचा अभ्यास केला. ही उसळी सुरू करणारा संकेत म्हणजे एथिलीन वायू. पिकणारी फळे तो स्वतः निर्माण करतात, हे रिचर्ड गेन याने १९३४ मध्ये दाखवून दिले. पिकवणगृहात हाच वायू बाहेरून पुरविला जातो, जेणेकरून खोलीतील सर्व फण्या एकाच वेळी पिकू लागाव्यात. हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे १०० भाग एवढे त्याचे प्रमाण २४ ते ४८ तास पुरेसे होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये याच मर्यादेपर्यंत एथिलीनच्या वापरास मान्यता दिली. कॅल्शियम कार्बाइडच्या वापरास मात्र कायद्याने बंदी आहे, कारण त्याच्यापासून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असू शकतात.

आता दहा टन केळी मावणारी एक खोली उदाहरणादाखल घेऊ. माल भरल्यावर तीत ६० घनमीटर मोकळी हवा उरते असे समजू. १८ अंशांवर कच्ची केळी दर किलोमागे ताशी सुमारे १५ मिलिलिटर, तर ऐन पिकण्याच्या वेळी ६० मिलिलिटरपर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडते. त्याच्या हिशेबाने आरंभी दर टनामागे ताशी सुमारे ७५ किलोकॅलरी, तर उसळीच्या वेळी सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे दहा टनांची एकत्रित उष्णता ताशी ३,००० किलोकॅलरींवर जाते. प्रशीतन यंत्राची एक टन शक्ती म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. अर्थात केवळ फळाने निर्माण केलेली उष्णता काढण्यासच सुमारे एक टन शक्ती खर्ची पडते. भिंतींतून, दारातून व पंख्यांपासून येणारी उष्णता यात धरलेली नाही. यंत्र बंद राहिले तर हा माल आपल्याच उष्णतेने ताशी सुमारे ०.४ अंश, म्हणजे दिवसाकाठी ९ अंशांनी तापू शकतो.

या आकड्यांतून नियंत्रणाच्या प्रश्नाचे मर्म लक्षात येते. सामान्य इमारतीत उष्णतेचा भार बाहेरून, उन्हाच्या कलाने येतो. पिकवणगृहात तो आतून येतो आणि तीन-चार दिवसांत चौपट होतो. पहिल्या दिवशी योग्य ठरलेली यंत्राची मांडणी तिसऱ्या दिवशी अपुरी ठरते.

४. तापमानाच्या दोन मर्यादा

केळीच्या सहनशीलतेला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. गराचे तापमान १३ अंशांच्या खाली काही तास ते काही दिवस राहिल्यास फळाला शीतबाधा होते. सालीखाली तपकिरी रेषा उमटतात, पिकल्यावर रंग धुरकट व निस्तेज दिसतो, आणि बाधा तीव्र असेल तर फळ नीट पिकतच नाही. ही इजा तत्काळ दिसत नाही, ती रंग चढताना प्रकट होते. तोपर्यंत उपाय हाती राहिलेला नसतो.

दुसरी मर्यादा उष्णतेची. बसराई व ग्रँड नैन या दोन्ही जाती कॅव्हेंडिश गटातील आहेत. या गटातील फळ सुमारे २४ अंशांपेक्षा अधिक उष्णतेत पिकविल्यास गर मऊ व गोड होतो, पण सालीतील हरितद्रव्य पूर्णपणे नाहीसे होत नाही. खानदेशातील उन्हाळ्यात साध्या खोलीत पिकविलेली केळी हिरवट दिसूनही आतून पिलपिलीत का निघतात, याचे उत्तर येथे आहे. यामुळे पिकविण्याचा क्रम साधारणतः असा ठेवतात : आरंभी गराचे तापमान १६ ते १८ अंश, एथिलीनचा संस्कार झाल्यावर ते क्रमाक्रमाने उतरवीत अखेरीस १४ अंशांच्या आसपास. सापेक्ष आर्द्रता ९० ते ९५ टक्के राखावी लागते, अन्यथा साल सुकते व वजन घटते.

५. नियंत्रकाचे कार्य व त्यातील दोष

स्वयंनियंत्रणाचे तत्त्व प्रत्याभरणाचे आहे. संवेदक तापमान मोजतो, नियंत्रक ते इष्ट तापमानाशी ताडून पाहतो, आणि अंतर आढळल्यास यंत्राला आज्ञा देतो. यंत्राच्या कार्याचा परिणाम पुन्हा संवेदकापर्यंत पोहोचतो व चक्र पूर्ण होते. सर्वांत साधी पद्धत चालू-बंदची. १६.५ अंशांवर कॉम्प्रेसर सुरू व्हावा, १५.५ अंशांवर थांबावा. या दोहोंतील एका अंशाचे अंतर हेतुपुरस्सर ठेवलेले असते. ते फार अरुंद केल्यास कॉम्प्रेसर दर मिनिटास सुरू-बंद होऊन लवकर निकामी होतो, फार रुंद केल्यास फळाला हेलकावे बसतात. याहून सुधारलेल्या पद्धतीत अंतराच्या प्रमाणात यंत्राचा वेग कमी-अधिक केला जातो, आणि चूक किती काळ टिकली व किती वेगाने बदलत आहे याचाही हिशेब घेतला जातो. जहाजांच्या सुकाणूसंबंधी मिनोर्स्की याने १९२२ मध्ये केलेल्या विवेचनात या पद्धतीचे तात्त्विक रूप आढळते.

व्यवहारात मात्र अपयशाचे मूळ बहुधा नियंत्रकाच्या गणितात नसते. संवेदकाच्या जागेत असते. शीतक-नळ्यांतून निघालेल्या थंड हवेच्या झोतात संवेदक बसविला, तर तो नेहमी इष्ट तापमान दाखवितो आणि खोक्यांच्या राशीच्या मध्यभागी फळ तापत राहते. दाराजवळ बसविला, तर दार उघडताच यंत्र विनाकारण धावू लागते आणि झोतासमोरील खोक्यांना शीतबाधा होते. यंत्र दोन्ही प्रसंगी निर्दोष चाललेले असते, कारण त्याला जे सांगितले गेले त्यावर त्याने इमानाने अंमल केलेला असतो. म्हणून खोलीच्या हवेतील संवेदकाबरोबरच राशीच्या वेगवेगळ्या थरांतील काही फळांच्या गरात खुपसलेले संवेदक असणे इष्ट. हवा खोक्यांच्या बाजूने नव्हे, तर खोक्यांच्या छिद्रांतून ओढली जावी, अशी पंख्यांची व राशीची मांडणी केल्यास या दोन तापमानांतील अंतर पुष्कळ घटते.

आर्द्रतेसंबंधीचा दोषही असाच अप्रत्यक्ष आहे. १६ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे १४.४ अंश असतो. शीतक-नळ्या त्याहून पुष्कळ थंड, समजा ५ अंशांवर ठेवल्या, तर हवेतील पाणी त्यांवर दव होऊन गळून जाते आणि हवा कोरडी पडते. ते पाणी अखेर फळातूनच आलेले असते. स्वस्तात पडते म्हणून लहान नळ्या व प्रखर थंडी अशी निवड करणारा मालक वजनातील घटीच्या रूपाने तीच किंमत भरतो. मोठ्या पृष्ठभागाच्या व खोलीच्या तापमानाच्या जवळपास राहणाऱ्या नळ्या या दृष्टीने हितावह ठरतात.

६. हिवाळ्यातील उष्णीकरण

खानदेशासारख्या उष्ण प्रदेशात इमारत तापविण्याची योजना अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु थंडीतील पहाटे कापलेल्या केळीच्या गराचे तापमान ११ अंश असू शकते. ते १६ अंशांवर आणण्यास दहा टनांकरिता सुमारे ४०,००० किलोकॅलरी उष्णता लागते. कच्च्या फळाची स्वतःची उष्णता ताशी ७५० किलोकॅलरींच्या आसपास. तीवरच विसंबल्यास दोन दिवसांहून अधिक काळ जाईल. पाच किलोवॅटचा तापक हेच काम फळाच्या उष्णतेसह सुमारे आठ तासांत करतो.

येथेही एक सापळा आहे. तापक सुरू होताच खोलीतील हवा काही मिनिटांतच १६ अंशांवर पोहोचते, पण गराला तास लागतात. हवेच्या तापमानावर भिस्त ठेवून लगेच एथिलीन सोडले, तर त्याच्या संस्काराचा बराचसा काळ थंड, प्रतिसादक्षम नसलेल्या फळांवर वाया जातो आणि पुढे माल एकसारखा रंगत नाही. म्हणून एथिलीनचा आरंभ घड्याळावरून किंवा हवेच्या तापमानावरून न ठरविता गराच्या तापमानावरून ठरवावा, असा नियम नियंत्रकाच्या क्रमातच घालून ठेवणे श्रेयस्कर.

७. हवेचा प्रश्न आणि वीजपुरवठा

कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एक टक्क्याच्या वर गेल्यास तो एथिलीनच्या कार्यात अडथळा आणतो आणि पिकण्याची गती मंदावते. वर घेतलेल्या खोलीत आरंभी ताशी १५० लिटर वायू निघतो. खोली पूर्णपणे हवाबंद असल्यास सुमारे चार तासांत एक टक्क्याची मर्यादा गाठली जाते. उसळीच्या वेळी हे प्रमाण ताशी ६०० लिटर होते व तीच मर्यादा एका तासातच ओलांडली जाते. प्रत्यक्षात फटींतून काही गळती होत असल्याने हा काळ थोडा लांबतो. तरीही ठरावीक तासांनी दार उघडण्याची रीत सर्व टप्प्यांना सारखी लागू पडत नाही, हे यावरून उघड आहे. कार्बन डायऑक्साइडचा संवेदक बसवून त्यावर वायुवीजनाचा पंखा चालविणे हाच तर्कशुद्ध उपाय ठरतो.

वीजपुरवठा खंडित झाला असता काय करावे, या प्रश्नाचे उत्तरही याच आकड्यांत दडलेले आहे. सर्वसाधारण समजूत अशी की वीज गेल्यावर दार घट्ट मिटून थंडी जपावी. गणित याच्या उलट साक्ष देते. ऐन पिकण्याच्या वेळी यंत्र सहा तास बंद राहिले तर माल सुमारे अडीच अंशांनी तापतो. ही हानी बहुधा भरून काढता येते. त्याच सहा तासांत बंद खोलीतील कार्बन डायऑक्साइड मात्र पाच-सहा टक्क्यांपर्यंत चढू शकतो. आता दार उघडण्याची किंमत पाहू. मे महिन्यातील ४३ अंशांच्या हवेने खोलीतील सर्व हवा एकदा बदलली, तर आत येणारी उष्णता जेमतेम ४७० किलोकॅलरी भरते. दहा टन केळीचे तापमान तिने ०.०६ अंशाने वाढेल. थंडी हवेत साठविलेली नसते, फळात साठविलेली असते. म्हणून जनित्राची शक्ती मर्यादित असेल तर पहिला हक्क वायुवीजनाच्या व फिरत्या हवेच्या पंख्याचा, दुसरा कॉम्प्रेसरचा, असा अग्रक्रम नियंत्रकात नोंदवून ठेवावा.

मनुष्याच्या सुरक्षिततेचा विचारही येथेच येतो. पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या खोलीत शिरणे कामगाराच्या जिवास धोक्याचे आहे. बराच वेळ बंद राहिलेल्या खोलीत प्रथम मोकळी हवा खेळवावी व मगच आत पाऊल टाकावे. एथिलीन हा ज्वालाग्राही वायू असून हवेत त्याचे प्रमाण २.७ टक्क्यांवर गेल्यास स्फोट होऊ शकतो. पिकविण्यासाठी लागणारे प्रमाण यापेक्षा सुमारे २७० पटींनी कमी असते. प्रस्तुत खोलीस केवळ ६ लिटर वायू पुरतो. धोका योग्य मात्रेत नाही, उघड्या राहिलेल्या झडपेत आहे. म्हणून वायूची मात्रा मोजून देणारे साधन बिघडल्यास झडप आपोआप मिटावी, अशीच तिची रचना असली पाहिजे.

८. उपसंहार

सावद्यास महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने केळीसाठी सुविधा केंद्र उभारले, आणि शीतगृहे व पिकवणगृहे यांना राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाच्या योजनांचे पाठबळ मिळत आले आहे. साधने उपलब्ध होत आहेत. त्यांच्या मागील तत्त्वांचे ज्ञान त्याच वेगाने पसरणे अगत्याचे आहे. परदेशी यंत्राबरोबर आलेले आकडे समशीतोष्ण हवामान गृहीत धरून ठरविलेले असू शकतात. खानदेशातील मे, ऑगस्ट व जानेवारी या तिन्ही महिन्यांसाठी ते पडताळून घेणे हे स्थानिक अभियंत्यांचे व विद्यापीठीय विभागांचे कार्य होय.

स्वयंचलित यंत्र रात्रभर जागते, थकत नाही व विसरत नाही. परंतु आपल्या संवेदकाने दिलेली खबर खरी की खोटी, हे त्याला कळत नाही. दिवसातून दोनदा हातातील तापमापक काही फळांच्या गरात घालून पाहणारा आणि यंत्राच्या नोंदीशी तो आकडा ताडून वहीत लिहिणारा माणूस म्हणूनच अनावश्यक ठरत नाही. यंत्राच्या व वहीच्या आकड्यांत तफावत दिसू लागली, की माल बिघडण्यापूर्वी मिळालेली ती पहिली सूचना असते; आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या खोलीत बंद असताना अशी सूचना वेळेवर मिळणे हेच नियंत्रणाचे खरे प्रयोजन आहे.